इंटर्नशिपमध्ये आधी कुठली पोस्टिंग, नंतर कुठली?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे. एमबीबीएसची शेवटची परीक्षा झाली, एप्रिलपासून इंटर्नशिप. बॅचचे गट पाडले आहेत आणि प्रत्येकाकडून पसंती मागवली आहे. एका गटाची सुरुवात कॅज्युअल्टीने होते, दुसऱ्याची मेडिसिनने. सीनियर सांगतात, जड पोस्टिंग आधी उरकून टाक, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) शेवटी ठेव, म्हणजे पीजीचा अभ्यास होईल. तिला स्त्रीरोग-प्रसूतीची ओढ आहे, पण अजून मन ठरलेले नाही. "मॅडम, कुठला गट मागू? आणि क्रमाने खरंच काही फरक पडतो का?"

बाय, फरक पडतो. मेडिसिनने सुरू होणारा गट माग. आता का ते सांगते. जरा लांबेल, पण हे वर्ष तुला पुन्हा मिळणार नाही.

मी फिजिशियन आहे आणि वीस वर्षांहून अधिक काळ दर काही आठवड्यांनी नवे इंटर्न माझ्या युनिटमध्ये येताना पाहते आहे. एकाच बॅचची, सारख्याच मार्कांची दोन मुले. त्यांतला एक सर्जरी आणि मानसोपचार करून माझ्याकडे येतो, दुसरा थेट पहिल्याच दिवशी. दोघांना एकच पेशंट दाखवला तरी दोघे वेगवेगळे पाहतात. हुशारीचा इथे काही संबंध नसतो. आधीच्या पोस्टिंगने हातात काय दिले, याचा असतो. म्हणून क्रम ठरवताना "कुठले जड, कुठले हलके" हा प्रश्न मी बाजूला ठेवते. कुठल्या पोस्टिंगमधून शिकलेले पुढे कुठे लागते, एवढेच बघते.

आधी हिशेब समोर ठेवू. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५२ आठवड्यांची वाटणी अशी: कम्युनिटी मेडिसिन १२, स्त्रीरोग-प्रसूती ७, मेडिसिन आणि सर्जरी प्रत्येकी ६, बालरोग ३, कॅज्युअल्टी, भूल, मानसोपचार, अस्थिरोग, कान-नाक-घसा आणि डोळे प्रत्येकी २, त्वचा आणि न्यायवैद्यक प्रत्येकी १, आणि ४ आठवडे ऐच्छिक. यातला एकही आठवडा टाळता येत नाही. तुझ्या हातात आहे तो फक्त क्रम, तोही गटाच्या चौकटीत.

कॅज्युअल्टी पहिली का नको, हे मला माझ्याच चुकीवरून कळले. माझ्या इंटर्नशिपची सुरुवात कॅज्युअल्टीने झाली होती. जुलै महिना, संध्याकाळची वेळ, शेतात लावणी करणारी एक बाई आली. पायाला काहीतरी चावले होते, साप कुणी पाहिला नव्हता. घोट्यावर दोन बारीक खुणा, सूज नाही. रेसिडेंटने मला रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी लावायला सांगितले आणि तो दुसऱ्या पेशंटकडे धावला. चाचणी मला तोंडपाठ होती. २ मिली रक्त नळीत घ्यायचे, २० मिनिटे हलवायचे नाही, मग तिरपे करून बघायचे. मी समोर दिसली ती प्लास्टिकची नळी उचलली. वीस मिनिटांनी रक्त पातळच होते. मी धावत जाऊन सांगितले, "सर, गोठलं नाही." सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिविष, काढायला सिस्टर निघाल्यासुद्धा होत्या. रेसिडेंटने फक्त एवढेच विचारले, "नळी दाखव."

रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. प्लास्टिकमध्ये ते नीट होत नाही, आणि साबणाने धुतलेल्या काचेतही होत नाही. नळी काचेची, कोरी आणि कोरडी असावी लागते. दुसऱ्यांदा योग्य नळीत रक्त घेतले आणि वीस मिनिटांनी ते घट्ट गोठले. त्या बाईला लस लागली नाही, रात्रभर देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी सोडले. ही लस जीव वाचवते, पण तिची रिअॅक्शन जिवावर बेतू शकते. विनाकारण ती त्या बाईच्या शिरेत गेली असती, तर दोष माझा होता. मेडिसिनच्या वॉर्डात दोन आठवडे जरी आधी काढले असते, तरी ही नळी कुणीतरी माझ्या हातात देऊन शिकवली असती. कॅज्युअल्टीत शिकवायला कुणाला सवड नसते. तिथे आधी शिकलेले वापरायचे असते. म्हणून तिथे पोचेपर्यंत मेडिसिन, सर्जरी आणि शक्य असेल तर भूल या तिन्ही पोस्टिंग झालेल्या असाव्यात.

भूल विभागाला मुले दोन आठवड्यांची विश्रांती समजतात, याचे मला वाईट वाटते. बेशुद्ध माणसाचा जबडा वर उचलून श्वासमार्ग मोकळा कसा ठेवायचा, मास्क चेहऱ्यावर घट्ट कसा बसवायचा, छाती वर येते की हवा बाजूने निसटते हे कसे ओळखायचे, हे शांतपणे शिकायची जागा ऑपरेशन थिएटरच. तिथे भूलतज्ज्ञ शेजारी उभे असतात, मॉनिटर चालू असतो, तुझा हात चुकला तर ते लगेच सावरतात. हेच काम कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता, हायवेवरच्या अपघातातला मुलगा समोर असताना पहिल्यांदा करायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

मेडिसिन पहिले का, तर तिथे रोजच्या कामांची सवय अंगात भिनते. सकाळी सहाला रक्त काढायला सुरुवात, आठच्या राउंडपर्यंत रिपोर्ट मागे लागून मिळवायचे, कागदपत्र नीट लावायचे, नातेवाइकांशी बोलायचे. साधे रक्त काढण्यातही क्रम असतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या औषधात पोटॅशियम असते. ती आधी भरून तेच रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतले, तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते, आणि ठणठणीत माणसाच्या हृदयाची काळजी करत सगळे युनिट धावपळ करते. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही तर गोठण्याचा रिपोर्ट चुकतो. असल्या गोष्टी पहिल्या सहा आठवड्यांत पक्क्या झाल्या की उरलेले वर्ष त्यांच्यावर चालते.

आणि भाषा. तू डिचोलीची, त्यामुळे तुला अडचण नाही. पण ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या तुझ्या मैत्रिणींना हे सांग. आपल्याकडे पेशंट "जोर आयला" म्हणतो तेव्हा त्याला ताप आलेला असतो. महाराष्ट्रातून आलेल्या एका चांगल्या मुलाने केसपेपरवर "अशक्तपणा नाही, जोर आहे" अशा अर्थाचे लिहिलेले मी पाहिले आहे. बांबोळीला, म्हणजे आपल्या गोवा मेडिकल कॉलेजात, पेडणे-काणकोणपासून सावंतवाडी, दोडामार्ग आणि कारवारपर्यंतचे लोक येतात. कोकणी, मालवणी, कानडी सगळे कानावर पडते. मेडिसिनमध्ये हिस्ट्री घेत बसायला वेळ मिळतो, तिथे कान तयार होतो.

मेडिसिननंतर लगेच मानसोपचाराचे दोन आठवडे मिळाले तर घे. लोक हे शेवटी ढकलतात. मी मात्र सर्जरी आणि अस्थिरोगाच्या आधी करायला सांगते, त्यामागे एक खास कारण आहे. आपल्या वॉर्डांत वरचेवर दिसणारी एक गोष्ट बघ. साठीचा माणूस खुब्याचे हाड मोडून दाखल झाला. पहिला दिवस शांत. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, नर्सिंगच्या नोंदीत "पेशंट अस्वस्थ" असे लिहिले जाते. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटतो, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो, ट्रॅक्शन लावलेला पाय घेऊन खाली उतरायला बघतो. नवखा इंटर्न वेदनाशामक वाढवतो, नाहीतर हातपाय बांधायला सांगतो. मानसोपचार करून आलेला इंटर्न दाखल झाल्या दिवशीच घरच्यांना बाजूला घेऊन विचारतो, रोज किती घेतात, शेवटची कधी घेतली. दारू अचानक सुटली की दोन ते चार दिवसांत हा वात येतो, आणि वेळेत ओळखला नाही तर माणूस दगावतो. ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचे, हेही त्याला माहीत असते. आयपीएचबी या मानसोपचार संस्थेतल्या दोन आठवड्यांत दारूचा प्रश्न न लाजवता, न उपदेश करता कसा विचारायचा ते तू ऐकशील. गोव्यात हा प्रश्न विचारता न येणारा डॉक्टर निम्मे आजार चुकवेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुझा मुख्य प्रश्न, आवडीच्या विषयाचा. तो पहिला ठेवू नकोस आणि शेवटचाही ठेवू नकोस. पहिला ठेवलास तर तुझा सगळा वेळ कॅन्युला लावायला, फॉर्म भरायला आणि वॉर्ड ओळखीचा व्हायला जाईल. विषय आवडतो की नाही हे कळायच्या आत सात आठवडे संपतील, आणि युनिटच्या डोळ्यांतही तू गोंधळलेली मुलगी म्हणून राहशील. शेवटी ठेवलास आणि लेबर रूममधल्या तिसऱ्या रात्री लक्षात आले की हे आपल्याला झेपणारे नाही, तर दुसरे काही पडताळून पाहायला आठवडेच उरणार नाहीत. वर्षाच्या मध्याच्या आसपास घे. तुझ्या गटात एप्रिलला मेडिसिन, मग मानसोपचार, सर्जरी, भूल, कॅज्युअल्टी असा क्रम लागला तर स्त्रीरोग-प्रसूती ऑगस्टच्या सुरुवातीला येईल. हे मला पटते.

तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात सिझेरियनला हात लावायला मिळावा म्हणून धडपडू नकोस. लेबर रूममध्ये एका बाईच्या शेजारी स्टूल घेऊन बस. तिच्या पोटावर हात ठेव, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ, आणि दहा मिनिटांत कळा किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली ते मोज. कळ ओसरली की लगेच बाळाचे ठोके ऐक. पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते त्याच्या तक्त्यावर, ठिपका टाक. अर्ध्या तासाने पुन्हा. हे काम कंटाळवाणे वाटले नाही, बाईचा हात धरून बसताना तुला वेळेचे भान राहिले नाही, तर हा विषय तुझा आहे. फक्त ऑपरेशनच्या टेबलावर उत्साह येत असेल, तर तुझा कल कदाचित सर्जरीकडे असेल. तो पडताळायला सर्जरी आधीच झालेली असेल, म्हणजे तुलना करता येईल.

प्रसूतीला लागूनच बालरोग ठेव, मध्ये खंड नको. बाळ रडले नाही की पहिल्या मिनिटात काय करायचे, कोरडे करायचे, मान नीट ठेवायची, श्वास नसेल तर बॅग-मास्क लावायचा, हे लेबर रूमच्या कोपऱ्यात तू लांबून पाहिलेले असते. लगेच बालरोगात गेलीस की तेच हाताने करतेस. टेबलाच्या दोन्ही बाजू लागोपाठ बघितलेली मुले मला नेहमी जास्त तयार वाटतात.

ऐच्छिक चार आठवडे त्यानंतर वापर. स्त्रीरोगाकडे मन झुकले असेल तर रेडिओलॉजीत सोनोग्राफीच्या टेबलाशी बस. मन उठले असेल तर जो दुसरा विषय डोक्यात आहे तिथे जा. वर्षाच्या सुरुवातीलाच हे आठवडे खर्ची घालणाऱ्यांना पुढे पस्तावताना पाहिले आहे. डोळे, कान-नाक-घसा, त्वचा, न्यायवैद्यक हे कुठेही बसतात, त्यांच्यासाठी गट बदलायची गरज नाही.

आता पीएचसी. सीनियर म्हणतात शेवटी ठेव, मीही म्हणते शेवटी ठेव, पण कारण वेगळे. त्यांना तिथे अभ्यासाला मोकळा वेळ हवा आहे. मला वाटते, तिथे तुझ्यावर खरे काम येते, म्हणून ते उशिरा घ्यावे. बांबोळीत तुझ्या मागे रेसिडेंट, त्याच्या मागे लेक्चरर, त्याच्या मागे आम्ही असतो. मंडूरला किंवा वाळपईला ओपीडीत बसलीस की मागे एक मेडिकल ऑफिसर, आणि तोही कधी बैठकीला गेलेला. छातीत दुखणारा माणूस येतो, ईसीजी तिथेच निघतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आता तालुक्याच्या केंद्रावर द्यायची सोय आपल्या राज्यात आहे. पण तो कागद हातात घेऊन "हे नेहमीचे नाही" म्हणणारे पहिले डोळे तुझे असू शकतात. मेडिसिन आणि कॅज्युअल्टी झालेल्या डोळ्यांना ते दिसते.

शिवाय एप्रिलला सुरुवात केली तर हे बारा आठवडे जानेवारी ते मार्चमध्ये पडतात. हे ऐकायला साधे वाटेल, पण वाळपईच्या सत्तरी तालुक्यात तो माकडतापाचा काळ. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या बाजूला क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि २०१५ पासून आपल्या सत्तरीत त्याचे रुग्ण दिसू लागले. गोचीड चावून होतो. काजूच्या हंगामात माणसे रानात असतात, पाला गोळा करतात, बागा साफ करतात. असा ताप घेऊन कुणी आला की तीन प्रश्न विचारायचे: रानात गेला होतास काय, अंगाला गोचीड लागली होती काय, जवळपास माकड मेलेले दिसले काय. डोके ठणकते, कंबर-पाठ धरते, डोळे लाल होतात, आणि डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. शहरातल्या वॉर्डात हा पेशंट सातव्या दिवशी पोचतो. वाळपईला तो दुसऱ्या दिवशी येतो. ताप कुठून आला हे शोधायची सवय लागायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. पावसाळ्यात याच केंद्रांवर लेप्टो असतो, शेतात पाण्यात उभे राहणारे लोक येतात, तेव्हा एखाद्या गटाला जूनमध्ये पीएचसी आली तरी त्यांनी खट्टू होऊ नये. फक्त त्यांनी मेडिसिन आधी झालेले असेल असा गट मागावा.

राहिली पीजीची परीक्षा. तिच्याभोवती वर्ष रचू नकोस, कारण तारीख स्थिर नसते. नीट-पीजी २०२२ मध्ये २१ मे रोजी झाली, २०२३ मध्ये ५ मार्चला, २०२४ मध्ये ११ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये ३ ऑगस्टला. जानेवारी-मार्चमध्ये पीएचसी ठेवून अभ्यास करायचा बेत केलेल्या मुलांची परीक्षा पुढे ऑगस्टमध्ये गेली, आणि पीएचसीत फारसे न शिकताच ते बाहेर पडले. त्यांचे ना हे झाले ना ते. रोज वॉर्डात पाहिलेल्या एका पेशंटचा विषय त्याच रात्री तासभर वाच. हा तास कुठल्याही पोस्टिंगमध्ये निघतो, प्रसूतीतसुद्धा, जर ड्यूटी नसेल. परीक्षेतले बरेचसे प्रश्न आता पेशंटच्या कहाणीवरच बेतलेले असतात.

रजेचे मात्र आताच ठरव. वर्षभरात १५ दिवस मिळतात. प्रसूतीचे आठवडे चवथीत येतील आणि घरी पाच दिवसांचा गणपती असेल, हे मला कळते. चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या मेडिसिनच्या वॉर्डात डिस्चार्जसाठी अशी घाई असते की निम्म्या खाटा रिकाम्या होतात. लेबर रूम मात्र भरलेलीच असते. आपल्याकडे एक छान रीत आहे, ती मोडू नकोस: चवथीला ख्रिश्चन मुले ड्यूटी घेतात, नाताळला आपण त्यांच्या जागी उभे राहायचे. गटात असे कोण आहेत ते बघ आणि एप्रिलमध्येच बोलून ठेव. ऐन वेळी मागितलेली रजा दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेतून निघते.

तुला हव्या त्या गटात जागा नसेल तर मैत्रिणीशी अदलाबदल करता येते का ते कार्यालयात विचार. पण पूर्ण गट बदल. मधलीच एखादी पोस्टिंग बदललीस तर आठवड्यांचा हिशेब चुकतो आणि शेवटी कुठल्यातरी विभागाचे चार दिवस भरायचे राहतात. पहिली पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी दोघींनी लेखी अर्ज द्या, त्याची प्रत जवळ ठेवा, आणि लॉगबुकवर प्रत्येक विभागाची सही पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशीच घ्या. आणि मेडिसिनचा गट मिळाला तर पहिल्या दिवशी सकाळी पावणेसहाला ये. रात्रपाळीच्या सिस्टर तेव्हा अजून वॉर्डात असतात. कुठली नळी कुठल्या खणात आहे ते त्यांच्याइतके नीट कुणी दाखवत नाही.